‘दिसतं’ म्हणायचं नाही

२ फेब्रुवारी, रविवार

फासा सोफ्याखाली गेला. मी पालथी पडून, हात घालून तो शोधत होते, तेव्हा पद्मजाकाकू पोहे घेऊन आल्या आणि म्हणाल्या, की पोरीला आल्या आल्या झाडलोट करायला लावलीत की काय. माझी बॅग अजून दारातच होती.

फासा हाती लागला. हिरवा, वीस बाजूंचा. वरच्या बाजूला वीस. राजेश ओरडला, झकास, ही आपल्या बाजूने. निमेशने हरकत घेतली, की सोफ्याखालचं धरायचं नाही यार, कोणी बघितलंय काय. देवव्रतकाकांनी निकाल दिला: फासा थांबतो तिथे पडतो. मी न पाहिलेल्या एका राक्षसाला मारलं होतं. मुंबईतला माझा पहिला पराक्रम.

आता सगळं नीट लिहिते. काका शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक खेळ तयार केला. पट नाही, सोंगट्या नाहीत. टेबलाभोवती बसायचं. एक जण सूत्रधार. तो सांगतो, की तुम्ही किल्ल्याच्या भुयारात आहात. बाकीचे आपापलं पात्र होऊन सांगतात, की आम्ही काय करतो. जमलं की नाही ते फासा ठरवतो. पार्ल्याचे एक प्रकाशक हा खेळ पेटीत घालून विकणार आहेत. काकांनी लिहिलेले नियम त्यांनाही कळले नाहीत, म्हणून त्यांनी मला पाठवलं. इथेच राहायचं, इथेच जेवायचं, आणि काकांशी बोलून नियमांचं पुस्तक सरळ मराठीत लिहायचं. महिनाअखेरीला काकांच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. त्याआधी व्हायला हवं.

राजेश आणि निमेश काकांचे जुने विद्यार्थी. राजेश बँकेत आहे, याच इमारतीत तळमजल्यावर राहतो. निमेशचं मुलुंड स्टेशनजवळ सुक्या मेव्याचं दुकान आहे. तो खिशातून बदाम काढून वाटतो.

हॉलच्या टोकाला गॅलरी आहे. तिला जाळीचं दार, त्याला कुलूप, आणि पलीकडे थेट येऊरचे डोंगर. साऱ्या इमारतीत गॅलरी याच घराला आहे. तिथे काकांची मुलगी, पूर्वी, केस वाळवत उभी आहे. मी हसले. ती वळली नाही. काकू भिंतीकडे बघून म्हणाल्या, की काही लोकांना घरात पाहुणं आलेलं कळत नाही. काकांनी मला हळूच सांगितलं, माय-लेकींचा अबोला आहे.

मला हसू आलं. आमच्या कणकवलीला आई आणि आत्या एका गणपतीपासून दुसऱ्या गणपतीपर्यंत बोलत नव्हत्या. निरोप मी पोचवायचे. घरच्यासारखं वाटलं.

४ फेब्रुवारी

काका सकाळी गॅलरीचा पडदा सरकवतात आणि आत वळून म्हणतात, पूर्वी उठली आहे. गॅलरीत आहे. काकू कणीक मळता मळता हूं म्हणतात. मग घर सुरू होतं.

आज मायेचं प्रकरण घेतलं. खेळात माया दोन प्रकारची. लहान माया फक्त डोळ्यांना फसवते. तिला आवाज नाही, वास नाही, वजन नाही. मोठी माया बोलते, तिची ऊब लागते, पण ती करायला पात्र फार वरच्या पायरीचं लागतं. काकांना लहान मायाच आवडते.

दुसऱ्यासाठी माया मोडता येत नाही. ज्याची शंका त्याने घ्यायची. नुसतं ‘मला शंका आहे’ म्हणून भागत नाही. काय करता ते सांगावं लागतं: दगड टाकून पाहतो, सावली शोधतो, कान देतो. मग फासा. शंका टिकली तर त्या एकाच्याच नजरेत माया विरळ होते आणि पलीकडचं दिसू लागतं. बाकीच्यांना ती होती तशीच. त्याने घसा फोडून सांगितलं, तर त्यांच्या फाशात दोन आकडे वाढतात. तेवढंच.

मी खर्डा दाखवला. काकांनी एकाच शब्दाखाली लाल रेघा मारल्या. मी लिहिलं होतं, ‘समोर तुम्हाला एक दार दिसतं.’ ते म्हणाले, मराठी सूत्रधार इथेच पकडला जातो. दार खरं असलं की तो म्हणतो, दार आहे. मायेचं असलं की जिभेवर आपोआप येतं, दार दिसतं. खेळाडू लगेच कान टवकारतात. म्हणून ‘दिसतं’ म्हणायचं नाही. ‘वाटतं’ नाही, ‘जणू’ नाही. खरं असो, खोटं असो, ‘आहे’ म्हणायचं, आणि म्हणताना आवाज हलू द्यायचा नाही.

मी दिवसभर सराव केला. मेज आहे. पंखा आहे. भूत आहे. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, की आणखी एक वेडं वाढलं.

शेवटचा नियम चमत्कारिक आहे. माया करणारा शुद्धीवर असेपर्यंतच माया राहते. मात्र दुसऱ्या कोणी तीच माया आपल्या शब्दांत सांगितली, तर ती त्याची होते. मी विचारलं, हा कोण वापरणार? काका म्हणाले, राहू दे. लागतो.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज खेळात निमेश मेला.

दरीवर पूल होता. काका म्हणाले, पूल आहे, लाकडी आहे, पलीकडे मशाली आहेत. निमेशचा चोर पहिलाच निघाला आणि थेट खाली गेला. मायेला वजन पेलत नाही. निमेश उभा राहून भांडायला लागला, की सर, पूल आहे म्हणालात ना तुम्ही. काका म्हणाले, आहे म्हणालो. धरेल असं कुठे म्हणालो. राजेशने टेबलावर डोकं ठेवून हसून घेतलं. म्हणाला, शंका घ्यायची ना रे, बदाम खाऊन उपयोग काय तुझा. निमेश म्हणाला, वाट लागली, दुकान पण बंद करतो आता.

काका हसले नाहीत. त्यांनी निमेशला पुन्हा पुलाच्या अलीकडे उभं केलं. म्हणाले, आज सोडतो.

मी गॅलरीकडे तोंड करून बसत होते. राजेशने खुर्ची बदलायला लावली. म्हणाला, तिथे ऊन लागतं. तो आणि निमेश दोघंही नेहमी गॅलरीकडे पाठ करून बसतात.

११ फेब्रुवारी

पूर्वीशी माझी अजून ओळख नाही. सकाळी ती गॅलरीत असते, संध्याकाळीही असते. दिवे लागले की काका पडदा ओढतात. तिच्या खोलीचं दार बंद असतं. काका तिचं ताट तिथे नेऊन देतात आणि रिकामं परत आणतात. मी मायलेकींमधले निरोप पोचवायची तयारी दाखवली. काका म्हणाले, ते खातं माझ्याकडे आहे.

दुपारी काकूंबरोबर मटार सोलले. अबोला कशावरून, ते विचारलं. काकूंनी बराच वेळ आठवून पाहिलं. म्हणाल्या, कारण काही आता आठवत नाही बाई, पण पहिलं बोलायची पाळी तिची आहे, एवढं पक्कं आठवतं. दोन वर्षं झाली. मध्ये काकू दहिसरला बहिणीकडे होत्या, तिथे आजारी पडल्या, मरता मरता वाचल्या. तेव्हाही पोरगी भेटायला आली नाही. त्यावर अबोला आणखी घट्ट झाला.

मग सोलायचं थांबवून म्हणाल्या, की मीच मूर्ख आहे. एक दिवस ते कुलूप उघडून जाणार आहे आणि तिच्या पाठीवर हात ठेवणार आहे. काय करेल ती?

मी विचारलं, कुलूप कशाला? काकू म्हणाल्या, कबुतरं आत येतात म्हणून. किल्ली यांच्या गळ्यातल्या साखळीत. अंघोळीलाही काढत नाहीत.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज सूत्रधार मी. काकांना बोलताना धाप लागते.

मी एक तळं सांगितलं. तळं आहे. पाणी हिरवं आहे. काठावर एक बाई आहे, ती भांडी घासते आहे. कोणीही शंका घेतली नाही. राजेशने तिच्याकडे पाणीसुद्धा मागितलं. दोघंही त्या बाईच्या मागे दलदलीत गेले.

काकू दारात उभ्या राहून ऐकत होत्या. म्हणाल्या, मला तर ती बाई दिसली गं. काका माझ्याकडे बघत होते. शिक्षक चांगल्या चित्राकडे बघतात तसे. मला फार आनंद झाला.

१८ फेब्रुवारी

काकांना ताप. दुपारी ते सोफ्यावर पडून होते आणि मी समोर टाइप करत होते. त्यांनी गॅलरीकडे मान वळवली आणि म्हणाले, पूर्वी उभी दिसते.

मग एकदम उठून बसले. घाम पुसला. म्हणाले, आहे. उभी आहे. गॅलरीत आहे.

ताप होता. पण इतक्या दिवसांत मी त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकला नव्हता. चहाबद्दलही नाही. आणि तो त्यांनी खोडला.

१९ फेब्रुवारी

काका-काकू डॉक्टरकडे गेले. मी हॉलमध्ये एकटी. पूर्वी गॅलरीत. पाठमोरी. केस ओले.

मी हाक मारली. ती वळली नाही. अबोला आईशी आहे, माझ्याशी नाही.

वाऱ्याने पडदा हलत होता. तिचे केस हलत नव्हते.

मी दोरीवरचा कपड्यांचा चिमटा घेतला आणि जाळीतून तिच्या पायांशी टाकला. गॅलरीत आवाज झाला नाही. थोड्या वेळाने खूप खाली, कोणाच्या तरी स्कूटरवर झाला.

मग ती विरळ झाली. आधी केस. केसांतून डोंगर आला. मग कठडा गेला, लादी गेली. जाळीच्या दारापलीकडे काही नाही. भिंतीतून गंजलेल्या सळया बाहेर आल्या आहेत. खाली वॉचमनची खुर्ची.

फासा टाकावा लागला नाही.

२० फेब्रुवारी

राजेशला जिन्यात अडवलं. तो आधी हसण्यावारी नेत होता. मग पायरीवर बसला. त्याने जे सांगितलं ते असं.

दोन वर्षांपूर्वी गॅलरीचा स्लॅब कोसळला. पूर्वी तेव्हा गॅलरीत उभी होती. स्मशानात काकांबरोबर राजेश आणि निमेश होते. काकू तेव्हा दहिसरला, अतिदक्षता विभागात. डॉक्टर म्हणाले, आत्ता सांगू नका, धक्का सोसणार नाही. म्हणून काका फोनवर म्हणाले, पूर्वी आहे, घरी आहे, रुसली आहे. बिल्डिंगमध्ये सगळ्यांना सांगून ठेवलं, की काही दिवस तोंड उघडायचं नाही. बाकीच्या गॅलऱ्या सोसायटीने पाडून टाकल्या. काकू घरी आल्या. काका सांगायला गेले आणि त्यांच्या तोंडून निघालं, पूर्वी गॅलरीत आहे.

आणि ती होती.

राजेश म्हणाला, की आईशप्पथ, मी तिला खांदा दिलाय, आणि मी खालून वर बघितलं तर ती केस वाळवत उभी. वॉचमन भाऊरावांनाही दिसली. भाजीवाली मालन आपल्या काकूंना काहीतरी सांगायला गेली, तिने वर बघितलं आणि गप्प झाली. मग कोण काय सांगणार?

मी विचारलं, तुला अजून दिसते? तो म्हणाला, म्हणून तर पाठ करून बसतो ना यार.

ताटाचंही विचारलं. तो म्हणाला, सर दोघांचं जेवतात. दोन वर्षं. हार्टचं दुसरं काय होणार?

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज खेळ नाही. काकांनी काकूंना देवळात पाठवलं आणि मला समोर बसवलं. त्यांना कळलं होतं. मी गॅलरीकडे न बघता चालते, तेवढ्यावरून.

ते म्हणाले, सोमवारी मला दाखल करतील. तिथून हे धरता येणार नाही. रोज सकाळी पडदा सरकवून तू फक्त म्हणायचं, पूर्वी गॅलरीत आहे. तुझ्या शब्दांत. मी घरी आलो की पद्मजाला स्वतः सांगणार. शपथ घेतली.

मी नाही म्हटलं. ही माया आहे, त्यांना आजच सांगा म्हटलं. ते म्हणाले, माझं ऑपरेशन तोंडावर आहे, आणि तिच्यासमोर पोरगी हवेत विरून जाऊ दे म्हणतेस? तिचं हृदय माझ्याहून वाईट आहे.

आणि काकू तिथे गेल्या तर? काकांनी सदऱ्याच्या आतून साखळी काढून दाखवली. किल्ली. म्हणाले, ही माझ्या गळ्यात आहे तोवर कोणी जात नाही.

मी हो म्हटलं. चारच दिवस.

२५ फेब्रुवारी

पडदा सरकवला. पलीकडे सळया. काकू मागे कणीक मळत होत्या. मी म्हटलं, पूर्वी उठली आहे. गॅलरीत आहे. हिरवा कुर्ता आहे.

आवाज हलला नाही. मी चांगली सूत्रधार आहे.

आधी लादी आली. मग कठडा. मग ती. हिरव्या कुर्त्यात. काकू हूं म्हणाल्या.

ताट तिच्या खोलीत नेलं. बसून खाल्लं. भात, आमटी, मटारची उसळ. भूक नव्हती.

दुपारी काकू डोळे पुसत म्हणाल्या, आज ती वळून बघत होती गं.

मी वळवलं नव्हतं. मी तिचा चेहरा पाहिलेला नाही. मी चेहरा सांगितलाच नव्हता —

२५ फेब्रुवारी, दुपारनंतर

पाहिला. चेहरा आहे.

पुन्हा चिमटा टाकला. आवाज गॅलरीतच झाला. लादीवर. खाली नाही.

किंवा मला तसं —

राजेशने सांगितलं होतं, सळया आहेत. मीही पाहिल्या. लिहून ठेवल्यात, मागच्या पानावर. वाचते आणि समोर बघते. तिथे लादी आहे.

काकूंना सांगून टाकलं. तिथे गॅलरी नाही काकू, तिथे जायचं नाही. पूर्वी नाही. सगळं सांगितलं. स्लॅब, स्मशान, फोन. काकूंनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. म्हणाल्या, ते तुला फार खेळवतात, आता चार दिवस बंद. आणि गॅलरीकडे बोट केलं. ती बघ की. उभी आहे.

सांगितल्याने फक्त दोन आकडे वाढतात.

बरं, कुलूप आहे. किल्ली काकांच्या गळ्यात.

२६ फेब्रुवारी

सकाळी पडदा सरकवला. ठरवलं होतं, काही म्हणायचं नाही. ती आधीच होती. माझ्या तोंडून गेलं, आहे. सवयीने.

महाशिवरात्र. काकूंचा उपास. देवळातून तशाच हॉस्पिटलला गेल्या. काकांचं ऑपरेशन उद्या सकाळी. आज रात्री तिथे राजेश थांबणार आहे.

आज पूर्वीबद्दल काही म्हणायचं नाही. उद्या ऑपरेशन. परवा —

२६ फेब्रुवारी, नंतर

लिहायला हवं. क्रमाने.

काकू चारच्या सुमाराला परत आल्या. हातात हॉस्पिटलची प्लास्टिकची पिशवी. नर्सने काकांच्या वस्तू काढून दिल्या होत्या. घड्याळ, अंगठी. मी पिशवीत पाहिलं नाही. का नाही पाहिलं?

काकू म्हणाल्या, बापाला उद्या आत नेणार, आणि पोरगी घरात बसणार? मग म्हणाल्या, पाळी गेली खड्ड्यात. मला वाटलं, हे नेहमीसारखं भिंतीला.

पाणी आलं होतं. मी मोरीत पिंप भरत होते. नळ सोडलेला. काकूंनी चहा ठेवला. ओट्यावरून विचारलं, दूध आहे ना गं? मी म्हटलं, आहे.

थोड्या वेळाने पुन्हा. आहे ना गं?

मी म्हटलं, आहे.

नळ जोरात होता. आवाज कुठून आला ते — साखर म्हणाल्या असतील, मला वाटलं. चहापत्ती. मी म्हटलं, आहे. आवाज न हलवता. मग कुलूप उघडल्याचं ऐकलं. साखळीसकट. साखळी जाळीवर आपटली.

मी धावले. काकूंनी उंबरा ओलांडला होता. हात पुढे. पूर्वीच्या पाठीवर. पूर्वी वळली. काकू म्हणाल्या, बाळा —

मी ओरडायला तोंड उघडलं. नाही म्हणायला.

लादी होती. मला अजून दिस — होती. त्या लादीतून खाली गेल्या.

२६ फेब्रुवारी, दिवेलागण

पोलीस येऊन गेले. राजेश हॉस्पिटलमधून आला, त्याच्या जागी निमेश तिथे. राजेशने सगळं केलं. चादर. गाडी. दहिसरला फोन.

मग माझ्याकडे आला. म्हणाला, सरांना आत्ता कळता कामा नये. उद्या टेबलावर घेणार आहेत. ऑपरेशन होईपर्यंत. मग मी सांगतो. त्याने भाऊरावांना सांगितलं. मालनला सांगितलं. सगळ्यांना. सगळे हो म्हणाले.

काकूंचा मोबाइल टेबलावर आहे. सरांचा फोन आला तर तू उचल, म्हणाला. सांग, काकू घरी आहेत. एवढंच सांग.

मी म्हटलं, मला सांगायला लावू नकोस. मी सांगितलं की —

त्याला कळलं. तोंड फिरवलं. म्हणाला, एकदाच.

२७ फेब्रुवारी, सकाळ

आत नेण्याआधी काकांचा फोन आला. मी उचलला. त्यांनी विचारलं, पद्मजा निघाली का? मी म्हटलं, नाही, घरी आहेत. त्यांनी विचारलं, घरी काय करतेय?

मी म्हटलं, गॅलरीत आहेत. पूर्वीच्या केसांना तेल लावतायत.

मागे कोणीतरी त्यांना घाई करत होतं. मग काकांनी विचारलं, बोलतायत का दोघी? मी म्हटलं, बोलतायत. ते बरं म्हणाले. फोन बंद झाला.

नंतर निमेशचा मेसेज आला. ऑपरेशन सुरू झालं आहे. सर शांत होते.

मी चहा ठेवला. दोन कप. गॅलरीचं दार उघडं आहे, ऊन आत आलं आहे. काकू तिथूनच विचारतायत, साखर